वेगळ्या रंगाबाबत

पाच मुली निळ्या होत्या आणि सहावी, जी माझी होती, ती नारिंगी होती. अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून, मलकापूरहून एसटीने घाट चढून, दुपारी सव्वादोनला मी बुलढाण्याच्या मैदानावर पोचलो तेव्हा मला एवढंच दिसलं. चुन्याच्या रेघा, जाळी, लोखंडी घोडीवर चढून बसलेले पंच, मांडवातल्या खुर्च्या, हे सगळं मागाहून दिसलं. आधी रंग दिसला. मी मोजलं. पाच निळ्या, एक नारिंगी. पुन्हा मोजलं, कारण सरकारी कचेरीत एकवीस वर्षं काढल्यावर एकदा मोजलेल्या कशावर माझा विश्वास बसत नाही. तेवढंच आलं. मी मांडवात न जाता तिथेच कडेला, उन्हात, उभा राहिलो.

पायल अकरावीत आहे. सहा महिन्यांपासून पहाटे साडेपाचला व्हॉलीबॉल शिकायला जाते, आणि सहा महिन्यांत मी तिचा खेळ एकदाही पाहिलेला नव्हता. जेवताना तिचे हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल दिसत. मी एकदा विचारलं होतं, "मार खाल्ला काय?" ती म्हणाली होती, "पासिंग." मी बरं म्हणून भाजी वाढून घेतली होती. बाप म्हणून माझी चौकशी साधारण एवढीच असते. पण आता मी पाहू लागलो, आणि माझी पाहायची पद्धत ऑफिसातली आहे. मी पुरावे गोळा करतो. सहपत्र एक: ती मैदानात सारखी आत-बाहेर होत होती, आणि तिला आत घेताना वा बाहेर काढताना पंचांना कोणी विचारत नव्हतं. बाकीच्या मुलींना बदलायचं तर शिट्टी, कागद, सही. हिच्यासाठी काही नाही. सहपत्र दोन: ती कायम मागे. धुळीत लोळून चेंडू उचलायचा ही हिची बाजू, आणि उडी मारून पलीकडे हाणायचा तो दुसऱ्यांनी. जाळीजवळ जायची पाळी आली की आरोही नावाची उंच मुलगी बाहेरून येई आणि माझी बाहेर जाई. सहपत्र तीन: मध्येच खेळ थांबला तेव्हा चौघी-पाचजणी एकाच बाटलीतून पाणी प्यायल्या, आणि पायल बाजूला आपली स्वतःची स्टीलची बाटली काढून, मान वर करून, प्यायली. ती बाटली तिच्या आईने, महामायाने, सर्दीच्या भीतीने तिच्या पिशवीत कोंबली होती आणि त्या वेळी मी तिथेच दाढी करत होतो, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. रेषेवर आत-बाहेर होताना पायल आणि आरोही दर वेळी एकमेकींच्या तळहातावर टाळी देत होत्या. हा पुरावाही माझ्यासमोर सहा-सात वेळा आला. तो मी फाइलला लावला नाही.

मोताळ्याजवळच्या आमच्या गावात शाळेमागे दोन लिंबांना जाळी बांधून मोठ्या आळीतली पोरं संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळत. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. आम्ही तिघे-चौघे रेषेबाहेर उभे असायचो. चेंडू नाल्याकडे गेला की आणायचा आणि जमिनीवरून सरपटत सोडायचा. हातात द्यायचा नाही. हा नियम आम्हाला कोणी सांगितलेला नव्हता. तो कोणी सांगितला असता तर मोडता तरी आला असता. एकदा चेंडू उंच आला, थेट माझ्यावर, आणि विचार करायच्या आत माझे दोन्ही हात वर गेले. चेंडू जाळीवरून पलीकडे, बरोबर रेषेच्या आत पडला. मग भगवंतराव, जे तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि कशात तरी नापास झालेले होते, म्हणाले, "धुवून आण बे." रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते चहा सांगावा तसं म्हणाले. मी चेंडू घेऊन हापशीवर गेलो. कोणत्या हापशीवर? मला हात लावता येईल अशी गावात एकच हापशी होती, आमच्या वस्तीतली. म्हणजे आमच्या स्पर्शाने बाटलेला चेंडू आमच्याच पाण्याने शुद्ध झाला, आणि तो ओला चेंडू सरपटत परत आल्यावर कोणालाही शंका आली नाही. सगळे पुन्हा खेळू लागले. मी एम.ए. अर्थशास्त्रात केलं, पण तर्कशास्त्राशी माझी ओळख त्या संध्याकाळची आहे. भगवंतराव आता साठीला आले असतील-नसतील, अधूनमधून कामासाठी फोन करतात आणि मला साहेब म्हणतात. मीही त्यांचं काम करतो. वडील, माणिकराव, म्हणायचे, शिक, म्हणजे विसरशील. मी शिकलो. सगळं बारीकसारीक लक्षात राहण्याचीच सोय झाली.

मी चुन्याची रेषा ओलांडली तेव्हा आपण ती ओलांडतो आहोत हे मला कळलं नाही, एवढंच मी स्वतःच्या बचावात सांगू शकतो. पाय गेले. पायलचं मनगट माझ्या हातात होतं आणि ते घामाने निसरडं होतं. समोर तिचे प्रशिक्षक देवेश सर, गळ्यात शिट्टी, अठ्ठावीस-तिशीचा सडपातळ माणूस, दोन्ही हात पुढे करून म्हणत होते, "सर, तुम्ही आत येऊ शकत नाही."

"आत येऊ शकत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे," मी म्हणालो. मी मोठ्याने बोलत होतो. ऑफिसात मी कधी मोठ्याने बोललेलो नाही, त्यामुळे तो आवाज मला माझा वाटला नाही. "सगळ्या पोरी निळ्या, अन् माझीच वेगळी काऊन? आमची आहे म्हणून?"

"आमची म्हणजे?" देवेश सरांना खरंच कळलं नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तेच मला सहन झालं नाही. कळत असून न कळल्याचं दाखवणारी माणसं मी रोज पाहतो. त्यांच्याशी कसं वागायचं ते मला येतं. या माणसाशी कसं वागायचं ते येत नव्हतं.

"सर, ती लिबेरो आहे," ते म्हणाले.

"ती बौद्ध आहे!" मी म्हणालो.

निळ्यांपैकी एक मुलगी फस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. घोडीवरच्या पंचांनी शिट्टी फुंकली आणि पिवळं कार्ड काढलं. ते मला नव्हतं, संघाला होतं. मी मैदानात नव्हतोच, नियमाप्रमाणे. पायलने मनगट सोडवून घेतलं, झटका न देता, बोटं एकेक करून. "पप्पा," ती म्हणाली, "बाहेर जा." मी गेलो.

बाहेर एका माणसाने सरकून मला बाकावर जागा दिली आणि शेंगांची पुडी पुढे केली. ते मेहकरचे पुंजाजी, समोरच्या संघातल्या मुलीचे आजोबा, जुने खेळाडू. "पहिल्यांदा पाहून राह्यले काय खेळ?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "तरीच. अहो, लिबेरो म्हंजे सगळ्यात भरवशाचे हात. समोरून तोफ आली का ह्या पोट्टीनं ती उचलायची. तिनं जाळीपाशी उडी मारून हाणायचं नाई, अडवायचं नाई, नुसतं पडू द्यायचं नाई. विचारल्याबिगर आत-बाहेर करते, म्हून पंचाले दुरून ओळखू आली पाह्यजे. म्हून रंग वेगळा. अख्ख्या जगात असंच असते." "अख्ख्या जगात?" मी विचारलं. "आमची पाहा ना," ते म्हणाले. मी जाळीपलीकडे पाहिलं. तिकडे पाच मुली लाल होत्या आणि एक पांढरी. ती पांढरी मुलगी दीड तासापासून माझ्यासमोर होती. मी एकवीस वर्षं मोजणारा माणूस, जाळीच्या एकाच बाजूचं मोजलं होतं. पुंजाजी शेंग फोडत म्हणाले, "तुमची ही नसती तर आमची आज जीत होती. कोणाची आहे हो पोट्टी?" म्हणजे ते सगळं बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं, किंवा ऐकलं होतं आणि मला दुसरी संधी देत होते. "माझी," मी म्हणालो. आमचा संघ जिंकला. अंतिम सामना दुसऱ्या दिवशी अकराला होता. जिंकेल तो अमरावतीला विभागीय स्पर्धेला जाणार. मुली क्रूझरमधून गेल्या, मी एसटीने.

घरी ती माझ्याआधी पोचली होती. महामाया जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला अर्धं कळलं होतं आणि उरलेलं तिने विचारलं नाही, म्हणजे ते फारच वाईट होतं. पायल ताटावर बसली आणि भाकरीकडे पाहत म्हणाली, "तिथं कोणाले माहीत नव्हतं असं नाई, पप्पा. सगळ्यायले माहीत होतं. पण कोणी त्याच्यावर खेळत नव्हतं. मी सहा महिने नुसती लिबेरो होती. आता मी ते आहे." ते म्हणजे काय, हे तिने सांगितलं नाही. माझं नाव धम्मरत्न. ते सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. आडनाव इंगळे. आमच्याकडे इंगळे म्हटलं की समोरचा जरा थांबतो, कारण इंगळे सगळ्यांत आहेत; मग विचारतो, कुठले इंगळे; मग गाव; मग कोणत्या आळीतले; आणि मग एकदम हवापाण्याचं बोलू लागतो. मुलगी झाली तेव्हा महामायाला सुजाता नाव हवं होतं. मी पायल ठेवलं. मी म्हणालो, नाजूक आहे. खरं कारण असं होतं की पायल या नावाला काही चिकटत नाही; ते कोणाचंही असू शकतं; ते घेऊन ती कुठेही जाईल आणि समोरच्याला थांबावं लागणार नाही. सोळा वर्षं मी ते नाव कोरं ठेवलं आणि आज भर मैदानात स्वतःच्या हाताने त्याच्यावर शिक्का मारून आलो. शिवाय संघाला पिवळं कार्ड.

साडेसातला प्राचार्य स्नेहलता मॅडमचा संदेश आला. "आदरणीय पालक, आपण आज व्यक्त केलेल्या भावनांची व्यवस्थापनाने गंभीर दखल घेतली आहे. उद्याच्या अंतिम सामन्यात कु. पायल हिला इतर खेळाडूंप्रमाणेच निळा गणवेश देण्यात येईल. आपल्या महाविद्यालयात तसलं काही मानलं जात नाही." खाली दोन जोडलेले हात. मी तो तीनदा वाचला. माझ्या नोकरीत कोणाचाही अर्ज चार तासांत मंजूर झाल्याचं मी पाहिलेलं नाही. पायलने फोन घेतला, वाचला, परत ठेवला. "म्हंजे नारिंगी दुसऱ्या कोणाले," ती म्हणाली. "अन् मी बाकावर. मी पाच फूट एक इंच आहे, पप्पा. निळ्यात माझा जाळीपाशी काय उपयोग?" महामाया म्हणाली, "आता तुम्हीच बोला मॅडमशी." मी म्हणालो, बोलतो, सांगतो की माझी चूक झाली. "काय सांगसान?" पायल म्हणाली. "मी तिथं काय करते हे तुम्हाले माहीत आहे काय?" मला माहीत नव्हतं. पुंजाजींचं ऐकलेलं होतं. पण ऐकीव माहितीवर टिपणी लिहू नये हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

सकाळी सहाला तिने मला इमारतीच्या पार्किंगमध्ये उभं केलं. मागे पाण्याची टाकी, समोर ती आणि चेंडू. "पाय खांद्याएवढे फाका. एक थोडा पुढे. गुडघे वाका. अजून. खुर्चीत बसल्यावानी नाई, खुर्चीतून उठून राह्यल्यावानी." माझे गुडघे वाजले. "आता हात. एका पंजात दुसरा, अंगठे शेजारी-शेजारी, खाली दाबा. कोपर सरळ. चेंडू पंजावर घ्यायचा नाई, इथं घ्यायचा," तिने माझ्या मनगटाच्या वर बोट ठेवलं, जिथे तिचं स्वतःचं लाल होतं. "हात मारायचे नाई. चेंडू येईन, तुम्ही फक्त उभे राहा त्याच्याखाली. जोर पायातून." तिने हळू टाकला. मी हात उचलले आणि चेंडू माझ्या कानावरून टाकीवर आपटला. "मारले," ती म्हणाली. पुन्हा. चेंडू आला तेव्हा माझे हात सुटले आणि छातीपाशी जोडले गेले. साहेब दारात दिसले की ते जसे जातात तसे. चेंडू नाकावर बसला. "नमस्कार कायले करता?" ती म्हणाली. तिला हसू आलं नव्हतं. वॉचमनला आलं होतं. मग ती मागे, पार फाटकापर्यंत गेली आणि तिने खरा टाकला. तो येताना आवाज येतो हे कोणी सांगत नाही. मी डोळे मिटले, मान वळवली. पाच वेळा, सहा वेळा, दहा वेळा. दर वेळी मी ठरवत होतो की वळायचं नाही, आणि दर वेळी मान माझ्या आधी वळलेली असे. मान हे कुठल्या वर्षी शिकली होती, मला माहीत नाही. पायल जवळ आली आणि चेंडू काखेत धरून म्हणाली, "सगळेच वळतात. मीपण वळायची. देवेश सरांनी पहिल्या महिन्यात आमच्याकडून फक्त हेच करून घेतलं. जाळी नाई, काही नाई. भिंतीपाशी उभं करून मारून राह्यले पन्नास-पन्नास चेंडू. मी घरी येऊन बाथरूममध्ये रडायची. मग एक दिवस नाई वळली. दुसऱ्या दिवशीपण नाई. सर म्हणे, वीस पोरींत तू एकटी आहे. अन् बॅगेतून ते नारिंगी काढून दिलं." ती थांबली. "मले वाटलं होतं तुम्ही पाहायले आल्यावर म्हणसान, हे वेगळं काऊन? अन् मी सांगीन." मी टाकीला टेकून उभा होतो. हात पेटले होते.

मैदानावर आम्ही पावणेदहाला पोचलो. खेळाडूंची यादी दहाला पंचांकडे जाणार होती. स्नेहलता मॅडम मांडवात, टेबलामागे, हारांच्या ताटाशेजारी बसल्या होत्या. मला पाहून उठल्या. बाई उठल्या हे मला आवडलं नाही. "या ना, इंगळे साहेब. आपलं समाधान झालं ना? हे पाहा, निळाच दिला."

"मॅडम, नारिंगी द्या," मी म्हणालो. "काल मला खेळ माहीत नव्हता. चूक माझी."

त्यांनी देवेश सरांकडे पाहिलं. देवेश सर जमिनीकडे पाहत होते. "असं पाहा साहेब," मॅडम सावकाश म्हणाल्या, "काल तुम्ही चारचौघांत बोललात. लोकांनी मोबाईल काढले होते. आता पुन्हा तिला वेगळं घातलं तर उद्या कोणी म्हणेल, बापाने सांगूनही घातलं. आम्ही तसलं मानत नाही हो, पण काळ कसा आहे. तुमच्यावर कोणाचा दबाव तर नाही ना?"

"मुलीचा आहे," मी म्हणालो.

"मग लेखी द्या," मॅडम म्हणाल्या, आणि कागद माझ्याकडे सरकवला. अर्ज लिहिणं ही एक गोष्ट मला येते. मी लिहिलं: विषय, वेगळ्या रंगाच्या गणवेशाबाबत. मग लिहिलं: विनंती की, माझी मुलगी कु. पायल हिला संघातील इतर सर्व मुलींपेक्षा वेगळ्या रंगाचा गणवेश देण्यात यावा. पेन थांबलं. ते वाक्य माझ्या अक्षरात माझ्याकडे पाहत होतं. माणिकराव ते वाचू शकले असते तर काय म्हणाले असते, हे मनात येऊ नये म्हणून मी पटकन पुढे कारण लिहिलं: ती लिबेरो आहे. पुरेसं वाटेना. स्वल्पविराम देऊन लिहिलं, आणि ती जागा तिने मिळवलेली आहे. खाली पूर्ण नाव: धम्मरत्न माणिकराव इंगळे. आळी विचारायची गरज पडू नये इतकं स्वच्छ.

मॅडमनी वाचलं. दहाला पाच मिनिटं होती. पायल मांडवाच्या खांबापाशी निळ्या जर्सीत उभी होती, नारिंगी देवेश सरांच्या खांद्यावर. "छान," मॅडम म्हणाल्या, "फक्त शेवटी एक ओळ टाका. 'माझी कोणतीही तक्रार नाही.' म्हणजे विषय संपला."

मी पेन उचललं. चारच शब्द होते. ते लिहिले की यादी जाणार होती, न लिहिता नाही. मी 'माझी' लिहिलं आणि थांबलो. दहा वर्षांच्या वयापासून मी एकही तक्रार केलेली नव्हती. काल पहिली केली, ती चुकीची निघाली, आणि आज मॅडम त्या एकीच्या बदल्यात सगळ्याच मागत होत्या, मी कधी न लिहिलेल्यासुद्धा. त्यांना हे माहीत नव्हतं. त्या फक्त फाइल बंद करत होत्या. मीही रोज तेच करतो. मी 'माझी' खोडलं, त्याच्यावर आद्याक्षरं केली आणि लिहिलं: "या गणवेशाबाबत तक्रार नाही."

मॅडमनी चष्मा सारखा केला. "नुसतं तक्रार नाही म्हणा ना साहेब. 'या गणवेशाबाबत' कशाला?"

"अर्ज गणवेशाचा आहे, मॅडम," मी म्हणालो. "बाकीचे विषय यात नाहीत."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला मान वळवावीशी वाटत होती. मग देवेश सर म्हणाले, "मॅडम, यादी," आणि खांद्यावरची जर्सी काढून त्यांनी पायलकडे फेकली. त्यांनी मॅडमच्या उत्तराची वाट पाहिली नव्हती. पायलने ती हवेत पकडली, निळ्यावरूनच डोक्यात घातली, आणि अडकलेलं डोकं बाहेर यायच्या आतच पळत सुटली.